आधी दम जातो की ओठ? जॅझवाले वाद्य खाली ठेवतात तेव्हा

जॅझमध्ये निवृत्तीचं वय नसतं. ट्रम्पेटवादक डॉक चीटम १९९७ साली वारले ते ९१व्या वर्षी, आणि त्याच्या काही दिवस आधीपर्यंत वाजवत होते. रॉय हेन्स नव्वदी उलटल्यावरही ड्रम्सवर बसत. त्यामुळे एखादा बुजुर्ग 'आता पुरे' म्हणतो तेव्हा 'वय झालं' एवढ्यावर भागत नाही. कुठला अवयव संपावर गेला ते विचारायचं, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा वाद्यातच सापडतं.

फुंकून वाजवायच्या वाद्यांपासून सुरुवात करू, कारण इथे हिशेब सरळ आहे. टेनर सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स, जन्म १९३०. शेवटची जाहीर मैफल २०१२ची, आणि २०१४पासून वाद्य पूर्ण बंद. कारण पल्मनरी फायब्रोसिस. या आजारात फुप्फुसाच्या ऊतींवर व्रण पडत जातात आणि ते निबर होतं. नवा फुगा फुगवायला जोर लागतो तसा प्रत्येक श्वास आत घ्यायला जोर लागतो, आणि घेतलेल्या हवेतला ऑक्सिजनही रक्तात नीट उतरत नाही. रॉलिन्स साथीदारांना थांबवून एकट्याने दहा-दहा मिनिटं वाजवणारे. गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहण्याची युक्ती, जी आपले सनईवाले पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, तीही त्यांना अवगत होती. पण ती युक्ती श्वास तोडू देत नाही एवढंच. फुप्फुसात जागाच उरली नसेल तर ती काय करणार?

अल्टो सॅक्सोफोनवाले फिल वुड्स यांचं दुखणं उलट्या बाजूचं, एम्फिसिमाचं. यात फुप्फुसाचा ताण सैल पडतो. हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर पडत नाही. शिळी हवा साचून राहते आणि ताजीला जागा मिळत नाही. ४ सप्टेंबर २०१५ रोजी पिट्सबर्गमध्ये ते ऑक्सिजनची नळी लावून वाजवले, मंचावरूनच ही शेवटची मैफल असल्याचं सांगितलं, आणि २९ सप्टेंबरला गेले. अशा रुग्णांना डॉक्टर ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडायला शिकवतात, म्हणजे श्वासनलिका मिटत नाहीत. रीडमधून, म्हणजे सॅक्सच्या तोंडाशी थरथरणाऱ्या वेताच्या पातळ पट्टीतून, फुंकणं त्याच जातीचं आहे. त्यामुळे एम्फिसिमावाला वादक तुकड्या-तुकड्याने का होईना बराच काळ टिकू शकतो. फायब्रोसिस ही सवलत देत नाही.

दम कमी होऊ लागला की सॅक्सवाले काय करतात? पहिली पायरी रीडची. साडेतीन नंबरवरून तीन, मग अडीच. मऊ रीड कमी हवेत बोलते, पण जोर लावला की मुखपट्टीला (तोंडात धरायच्या माउथपीसला) चिकटून मिटते, आणि वरचे सूर खाली घसरतात. शिवाय आवाज पातळ होतो. म्हणून काही जण त्याबरोबर मुखपट्टी बदलतात. टेनरच्या जॅझ मुखपट्टीचं तोंड साधारण अडीच मिलिमीटर किंवा थोडं जास्तच उघडं असतं. मऊ रीडला आणखी उघडं तोंड दिलं तर रीड मिटत नाही, मात्र हवा पुन्हा जास्त लागते. म्हणजे एका हाताने वाचवलं ते दुसऱ्या हाताने गेलं. दुसरी पायरी वजनाची. टेनर तीन किलोच्या वर भरतो. गळ्यातला पट्टा काढून दोन्ही खांद्यांवरचा पट्टा घेतला की मान सुटते आणि छाती मोकळी होते. तिसरी पायरी टेनर सोडून अल्टोकडे जाण्याची, कारण लहान नळीला हवा कमी लागते. पण टेनरवाला ही पायरी सहसा चढत नाही. आवाज हीच त्याची ओळख असते.

खरा उपाय वाद्यात नाही, सुरांच्या ओळीत आहे. लांब ओळ तोडायची, मधली शांतता ताल सांभाळणाऱ्यांकडे सोपवायची. क्षयाने एक फुप्फुस निकामी झाल्यावर कुमार गंधर्वांनी छोट्या, झेपेल अशा फेकींची गायकी उभी केली हे मराठी श्रोत्याला वेगळं सांगायला नको. जॅझमध्ये तसं करणारे कमी. इथे रसिक लांब सोलोवर टाळ्या वाजवतात, आणि वादकही त्या सवयीत अडकतो.

जाता जाता: हेच रॉलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीस पवईला चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिले होते, आणि १९७८च्या पहिल्या जॅझ यात्रेत मुंबईत वाजवलेही. थांबण्याची त्यांना सवय होती. १९५९ ते १९६१ या काळात जाहीर वाजवणं सोडून ते न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर तासन्‌तास रियाज करत. ती रजा स्वतः घेतलेली होती, २०१२ नंतरची शरीराने लादलेली.

ट्रम्पेटला दमापेक्षा ओठ आधी दगा देतात. जेमतेम १६-१७ मिलिमीटर आतल्या व्यासाचं मुखपात्र ओठांवर टेकवायचं आणि मधला मांसल भाग थरथरवायचा. वरच्या सुरांसाठी स्नायू आवळावे लागतात. ते थकले की वादक नकळत वाद्य तोंडावर दाबतो, दाबामुळे रक्त पोचत नाही, ओठ सुजतो, मग आणखी दाबावं लागतं. फ्रेडी हबर्ड यांचा वरचा ओठ १९९२ साली असाच फाटला, त्यात जंतुसंसर्ग झाला, आणि त्यांचा पूर्वीचा जोर परत आला नाही. ते नंतर ट्रम्पेटच्याच जातीच्या फ्लुगलहॉर्नकडे झुकले. त्याचं पात्र खोल, आवाज मऊ, आणि फार वरच्या सुरांची अपेक्षा कोणी करत नाही. दातांचंही तसंच. मुखपात्र टेकतं ते खरं तर समोरच्या दातांवर. चेट बेकर यांचे दात गेल्यावर कवळी लावून त्यांना फुंकणं पहिल्यापासून शिकावं लागलं. कवळी मिलिमीटरभर हलली तरी सूर फुटतो.

डबल बासवाल्यांना मात्र तंत्रज्ञानाने आयुष्य वाढवून दिलं. पूर्वी आतड्याच्या तारा उंच बांधाव्या लागत, नाहीतर ट्रम्पेट-ट्रॉम्बोनपुढे बास ऐकूच येत नसे. पोलादी तारा, तारांचा आवाज टिपणारा पिकअप आणि अँप्लिफायर आल्यावर तारा खाली आणता आल्या, बोटांचा छळ कमी झाला. ड्रम्सवर काठी स्वतःच उसळी घेते, म्हणून हलक्या हाताचे ड्रमर टिकतात.

पियानोचं दुखणं वेगळं. तिथे हात कधी कधी हळूहळू नाही, एका दिवसात जातो. कीथ जॅरेट यांना २०१८ साली दोन पक्षाघात झाले, फेब्रुवारीत आणि मे महिन्यात. डावी बाजू लुळी पडली. शेवटची मैफल त्याआधीच, १५ फेब्रुवारी २०१७ला कार्नेगी हॉलमध्ये होऊन गेली होती. ती शेवटची आहे हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हतं. जगाला आजाराचा तपशील कळला तो ऑक्टोबर २०२०मध्ये. कलोनची १९७५ची त्यांची गाजलेली मैफल आठवा. पियानो लहान आणि खराब, वरचे सूर किरटे, खालचे पोकळ. म्हणून मधल्या पट्टीत राहून डाव्या हाताने एकच घोळणारी चाल धरून ठेवली. सगळ्या डोलाऱ्याचा पाया तो डावा हात होता.

ऑस्कर पीटरसन यांचाही डावा हात १९९३च्या पक्षाघाताने कमकुवत झाला, तरी ते परतले. फरक माझ्या मते जिद्दीचा नाही, मांडणीचा आहे. पीटरसन साथीदार घेऊन वाजवत. खालचे सूर बासवाला भरून काढी, उजवा हात धावायला मोकळा. जॅरेट ज्या प्रकारासाठी ओळखले जात तो एकट्याने, काहीही न ठरवता वाजवण्याचा. तिथे डाव्या हाताची जागा भरायला दुसरं कोणी नसतं.

कानाबद्दल फारसं बोललं जात नाही. धातूच्या पट्ट्यांच्या व्हायब्राफोनवर चार काठ्या धरणारे गॅरी बर्टन यांनी मार्च २०१७मध्ये, मकोटो ओझोने यांच्याबरोबरचा दौरा संपवून, ठरवून निरोप घेतला. हृदयाच्या शस्त्रक्रिया होत्याच, पण स्मरणशक्ती आणि जन्मजात अचूक स्वरज्ञान दगा देऊ लागल्याचंही त्यांनी सांगितलं होतं. ज्यांना असं स्वरज्ञान असतं त्यांना उतारवयात सूर अर्ध्या-एक स्वराने चढे ऐकू येऊ लागणं हे नेहमीचं. बोटं एक सूर वाजवतात, डोक्यात दुसरा उमटतो. यावर रीड बदलून इलाज होत नाही.

उलट गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन. हाताच्या संधिवातामुळे २०१७ साली अमेरिकेचा निरोपाचा दौरा केला, आणि जानेवारी २०२३मध्ये 'शक्ती' या आपल्या गटाबरोबर मुंबईत गिटार घेऊन हजर. यात फसवणूक नाही. निरोप अमेरिकेतल्या दौऱ्यांना होता, गिटारला नव्हता. 'फेअरवेल' शब्दाखालची बारीक अक्षरं वाचायला हवीत. दौरे, क्लब, स्टुडिओ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेकांचे दौरे आधी सुटतात. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये मंगळवार ते रविवार, रोज दोन बैठका, हे म्हातारपणी झेपतं. रोज नवं विमानतळ झेपत नाही.

वादक थांबला तरी रेकॉर्ड निघत राहतात, आणि इथे नवख्या श्रोत्याचा गोंधळ होतो. रॉलिन्स यांच्या जुन्या मैफलींच्या निवडीचा चौथा खंड २०१६ला आला, म्हणजे वाद्य बंद झाल्यावर दोन वर्षांनी. जॅरेट यांचं उदाहरण आणखी ठळक: ईसीएम या रेकॉर्ड कंपनीने २०१९, २०२०, २०२२ आणि २०२५ साली काढलेल्या म्युनिक, बुडापेस्ट, बोर्दो आणि व्हिएन्नाच्या मैफली एकाच दौऱ्यातल्या, जुलै २०१६च्या आहेत. प्रसिद्धीच्या क्रमाने ऐकलं तर उगाच कुठे काही बदललं असं वाटतं. बुडापेस्ट ३ जुलै, बोर्दो ६, व्हिएन्ना ९, म्युनिक १६. या क्रमाने लावा आणि डाव्या हाताकडे कान ठेवा.