थिंकपॅड टी480: कंपनीच्या पट्ट्या उतरवण्याचं काम कुठवर आलं

बंगळूरच्या कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप हायवेने पुण्याकडे जाताना थोडेफार बेळगावातही उतरतात. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, तेव्हापासून जुना माल जास्तच दिसू लागलाय. माझा टी480, म्हणजे लेनोवोचा थिंकपॅड लॅपटॉप, आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, म्हणजे विंडोज 11 अधिकृतपणे चालतं. मशीन ठणठणीत, फक्त अंगावर कंपनीच्या खुणा. झाकणावर ॲल्युमिनियमची बारकोडवाली ॲसेट टॅग (कंपनीची मालमत्ता मोजायची पट्टी), बुडाला स्क्रूवर ओढलं की 'व्हॉइड' उमटवणारं सील आणि तळहात टेकतो तिथं आयटी डेस्कचा नंबर असलेलं कागदी लेबल.

नवीन मंडळींसाठी आधी एवढंच: पट्टी काढण्यापूर्वी माल सरळ आहे का ते बघा. बिलावरचा सिरीयल नंबर, बुडाखालचा नंबर आणि बायोसमधला (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधला) नंबर जुळला पाहिजे. बायोसला सुपरवायझर पासवर्ड असेल तर घेऊच नका. थिंकपॅडमध्ये बायोसच्या सेटिंग टिकवणारी छोटी सीमॉस बॅटरी काढून तो जात नाही. बायोसच्या सिक्युरिटी मेन्यूत कॉम्प्युट्रेस किंवा ॲब्सोल्यूट (कंपनीला मशीन लांबून शोधायची, लॉक करायची सोय) चालू आहे का, तेही तिथंच बघून घ्यायचं. फॉरमॅट मारून ते निघत नाही, आणि पुढं कधी कंपनीने मशीन लॉक केलं तर पैसे पाण्यात.

टी480 ला दोन बॅटऱ्या. मागची खटका सरकवून निघते. आतली बंद करायला सुरू होताना एफ1 दाबून बायोसमध्ये जायचं, कॉन्फिग, मग पॉवर, मग 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी'. चार्जर लावला की ती पुन्हा जागी होते. एवढा खटाटोप कशाला? पुढं ड्रायरची ऊब द्यायची आहे आणि द्रवही लावायचा आहे.

कागदी लेबल किरकोळ. पाण्याने ओला केलेला कपडा ठेवला, कागद लगद्यासारखा निघाला, उरलेला चिकटा बोटाने चोळून गोळ्या करून काढला.

खरं काम झाकणावरच्या टॅगचं. अशा टॅगखाली बहुतेक ॲक्रिलिक डिंक असतो. थंडीत तो कडक होतो, आणि जानेवारीतल्या बेळगावच्या सकाळी तर विचारूच नका. म्हणून दुपारचं ऊन अंगणात आल्यावरच बसलो. हेअर ड्रायर वीतभर लांब धरून फिरता ठेवायचा, एका जागी रोखायचा नाही, कारण झाकणाच्या मागे स्क्रीन आहे. तळहाताची मागची बाजू टेकवून बघायची. चटका बसला तर जास्त झालं. मग कोपऱ्यात जुन्या एटीएम कार्डची कड घालून जरा उचललं आणि खाली डेंटल फ्लॉसचा धागा घालून करवतीसारखा हळूहळू पुढं-मागं नेला. धागा डिंकातूनच जातो, रंगाला घासत नाही. सुटलेला भाग मागं दुमडून झाकणाला जवळजवळ समांतर ओढायचा. वर उपटायचा नाही. पत्र्याला एकदा चुणी पडली की तिथंच फाटतो. नीट चाललं असेल तर कडेला डिंकाचे पांढरट तंतू ताणलेले दिसतात. ते तटातट तुटायला लागले की पट्टी गार झाली समजायचं, पुन्हा ऊब द्यायची. ओढण्याचा वेग जितका कमी, तितका डिंक मुकाट्याने सोडतो.

उद्यमबागेत मशीन शॉपला असलेला मित्र मध्येच येऊन गेला. "थिनर लाव की गा, एका पुसण्यात जातंय." कास्टिंगला जातंय, खरं आहे. पण थिनरमध्ये टोल्यूइन, ॲसिटोन असली मंडळी असतात. एबीएस प्लास्टिक ॲसिटोनमध्ये विरघळतं, पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. नेलपॉलिश रिमूव्हरही बहुधा त्याच घराण्यातला, बाटली वाचून घ्या.

चिकट्यासाठी माझा क्रम असा: आधी खोबरेल, मग लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था, शेवटी आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. थंडीत खोबरेल बाटलीतच गोठतं, उन्हात ठेवून पातळ केलं. डिंकावर थापून तासभर सोडलं की वरचा थर फुगतो आणि कार्डाने सरकतो. नॅफ्था पेट घेतो, तेव्हा ड्रायर बंद करून प्लग काढायचा आणि खिडक्या उघड्या. खडेबाजारात मोबाइल दुरुस्तीच्या सामानात आयपीए मिळतं, पण थिंकपॅडच्या मऊ मॅट मुलाम्यावर ते भिजवून ठेवलं तर मुलामाच चिकट होतो. म्हणून कपड्यावर घ्यायचं, पुसायचं, लगेच कोरडं करायचं. आधी मागच्या बॅटरीच्या खाचेत, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, थेंब लावून बघितला होता. डाग घासायचा पांढरा मॅजिक स्पंज मात्र लांब ठेवा. तो मूळचा बारीक पॉलिश पेपरच. मॅटवर तकाकी आणतो, आणि ती परत जात नाही.

बुडाचं सील अजून अर्धवट आहे. त्यात फिल्मच्या आत अक्षरांच्या आकारात वेगळा थर असतो, तिथली पकड वेगळी, म्हणून ओढलं की अक्षरं खालीच राहतात. ती राहू द्यायची, मग नॅफ्थाचा इअरबड एकेका अक्षरावर फिरवायचा. 'व्ही' आणि 'ओ' गेलेत. शेजारचं सिरीयल नंबरचं लेबल मास्किंग टेपखाली झाकलंय. त्याला हात नाही, पुढं विकताना तोच पुरावा.

झाकणावर टॅगच्या जागी आयत दिसतोच. तिथला मुलामा कोरा राहिला आणि आजूबाजूचा हातांनी घासून चकचकीत झाला, त्याला औषध नाही. काही जण त्यावर विनाइल स्किन, म्हणजे अख्ख्या झाकणाला चिकटणारी फिल्म, लावतात. मला ते पटत नाही, उद्या तीच काढत बसावी लागेल.

एक प्रकार मात्र सोडून द्या: कडक धातूची प्लेट, सायनोॲक्रिलेटने (सुपरग्लूने) बसवलेली, जिच्याखाली प्लास्टिकवरच रसायनाने 'चोरीचा माल' असा मजकूर उमटवलेला असतो. ती निघाली तरी मशीन आणखी वाईट दिसतं. खरेदी सरळ असेल तर प्लेट राहू द्या आणि विकणाऱ्याकडून कंपनीने माल सोडल्याचं पत्र घ्या. सील संपलं की बूड उघडून प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायची थर्मल पेस्ट बदलायची आहे, ते पुढच्या नोंदीत.