मास्टरबोर्डचा बाक अखेर गेला: ग्रेन, पाठीचा कागद आणि नॉनवोव्हन पिशवी

मंडळी, मास्टरबोर्ड सपाट राहिला! (मास्टरबोर्ड म्हणजे जंक जर्नलसाठी, जुन्या कागदांनी सजवलेल्या वहीसाठी, कात्रणं चिकटवून केलेलं मोठं कार्ड; त्यातून मग टॅग कापायचे.) दाबाखालून काढल्या काढल्या कुठलाही बोर्ड सपाटच दिसतो, त्याचं कौतुक नाही. हा उघड्या टेबलावर आहे, खिडकीतून पावसाळी हवा आत येतेय, आणि तरी चारही कोपरे टेकलेले आहेत. स्निपेट रोलची, म्हणजे लांब पट्टीवर कात्रणं लावून गुंडाळलेल्या रिळाची, ठरलेली नोंद त्यामुळे मागे जाते. आधी हे लिहून काढायलाच हवं.

कात्रणं चिकटवलेला बोर्ड सुकताना कात्रणांच्या बाजूला वळतो, हे आपल्याला पाठ आहे. मग टॅग कापले की प्रत्येक टॅग नळीसारखा, आणि टक स्पॉटमध्ये (पानावरच्या टॅग खोचायच्या कप्प्यात) सरकवताना कोपरा मोडतो. कारण असं: पातळ कागद गोंदातलं पाणी पिऊन फुगतो आणि फुगलेला असतानाच कार्डावर बसतो. सुकताना तो आकसतो आणि कार्डाला आपल्याकडे ओढतो. ही ओढ सगळ्या दिशांना सारखी नसते. मशीनवर कागद बनताना तंतू मशीनच्या चालीच्या दिशेने रांगेत पडतात (हीच दिशा म्हणजे ग्रेन), आणि ओला तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत वाढतो. म्हणून ग्रेनच्या आडव्या दिशेत कागद कित्येक पट जास्त फुगतो. मुंबईत जुलैच्या सकाळी आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते. तेव्हा वजनाखाली सपाट केलेला बोर्डही बाहेर आल्यावर हवेतला ओलावा घेत-सोडत पुन्हा वळतो. नुसतं जास्त वजन, जास्त वेळ, हा इलाजच नव्हे.

इलाज बाइंडरांकडे आधीपासून आहे: पुठ्ठ्याच्या दोन्ही अंगांना कागद. एका बाजूची ओढ दुसऱ्या बाजूने तोलायची. आपण मास्टरबोर्डला कार्ड समजत आलो, पुठ्ठा समजलंच नाही, म्हणून पाठ कोरी राहत होती.

पण पाठीला कुठलाही कागद लावून भागत नाही, आणि सगळा वेळ इथेच गेला. पाठीच्या कागदाचा ग्रेन कार्डाच्या ग्रेनला आडवा गेला तर बोर्ड वळण्याऐवजी पिळतो. पिळलेला बोर्ड वाकलेल्यापेक्षा वाईट, कारण तो कुठल्याच दिशेने उलटा वाकवून सरळ होत नाही. तेव्हा आधी ग्रेन ओळखा. कागदातून १ सेमी रुंद, ८ सेमी लांब अशा दोन पट्ट्या कापा, एक उभी, एक आडवी. दोन्ही एकत्र चिमटीत धरा. जी जास्त लोंबते ती ग्रेनच्या आडवी कापलेली. तुकडा लहान असेल तर एका बाजूला ओलं बोट फिरवा. कागद ज्या अक्षाभोवती गुंडाळतो, तो अक्ष म्हणजेच ग्रेन. कळलं की मागे पेन्सिलने बाण काढा. हातकागदाला बाणाची गरज नाही, त्याचे तंतू बरेचसे सगळीकडे पसरलेले असतात.

आता जमलेलं माप. आधार २२० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅम वजन) ए४ कार्ड, ग्रेन लांबीच्या दिशेने. पुढे जुन्या पुस्तकांची, वर्तमानपत्राची, कॅलेंडरची कात्रणं, सरासरी दीड थर. पाठीला ७० जीएसएमचा झेरॉक्सचा कागद; ए४ रीममध्ये बहुतेक वेळा ग्रेन लांबीच्या दिशेनेच असतो, तरी पट्टीची चाचणी करून घ्या. लांब पट्ट्या लावायच्या असतील तर त्यांचा ग्रेनही लांबीशी जुळवा. २ सेमीपेक्षा लहान फाडलेल्या तुकड्यांचं तेवढं बघायला नको, त्यांची ओढ वेगवेगळ्या दिशांनी जाऊन आपोआप विखुरते. फाडकाम कापकामापेक्षा मला आवडतं त्याचं हे आणखी एक कारण. फाडलेली कडा पातळ असते आणि जोडावर उंचवटा येत नाही.

गोंद: फेविकॉल एमआर तीन भाग, पाणी एक भाग. याहून पातळ केला की ओढ वाढते. एक इंची चपट्या ब्रशने मधून कडेकडे, आणि गोंद नेहमी कात्रणाला, कार्डाला नाही. पुढची बाजू झाली की लगेच पाठ लावा. दोन्ही अंगं एकाच वेळी ओली हवीत. पुढची बाजू सुकून वळल्यावर पाठ लावली तर तोल साधत नाही. गोंदाची कांडी वापरली तर पाणी कमी, बाकही कमी, पण दमट हवेत कोपरे सुटतात. मैद्याची खळ पसरायला सुरेख, तरी पावसाळ्यात नको: बुरशी धरते आणि कसर लागते. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, ते विषारी आहे. जी वही माणसं मांडीवर घेऊन चाळणार, तिच्यात ते घालू नये.

वाळवण्यातली खरी युक्ती कपड्याच्या दुकानातल्या नॉनवोव्हन पिशवीत निघाली. बोर्ड थेट टिपकागदात ठेवला तर चिकटतो. बटर पेपर लावला तर चिकटत नाही, पण वाफ कोंडते आणि आतला गोंद ओलाच राहतो. नॉनवोव्हन कापड पॉलिप्रॉपिलीनचं, त्याला फेविकॉल जेमतेम धरतो आणि ओल आरपार जाते. रचना: एमडीएफची फळी, टिपकागद, पिशवीचा तुकडा, बोर्ड, पिशवीचा तुकडा, टिपकागद, फळी, वर सारखं पसरलेलं वजन. टिपकागद १५ मिनिटांनी बदला, मग तासाने, मग रात्रभर. पंख्याखाली किंवा हीट गनने सुकवू नका. वरचा थर आधी आकसतो आणि सगळी मेहनत वाया.

दुसरा जुना त्रास, जर्नल मिटल्यावर टॅग एकमेकांना चिकटणं. फेविकॉल उष्णतेने आणि ओलीने मऊ पडतो. पूर्ण सुकलेल्या टॅगवर पांढरी मेणबत्ती हलक्या हाताने घासून सुती कापडाने चमकवली की थांबतं. शिक्के, शाई, वरची लेस हे सगळं त्याआधी. मेणावर ना शाई बसते, ना गोंद.

ग्रेन कळल्याचा एक गोड फायदा रोझेटला झाला. २.५ सेमी रुंद, ३० सेमी लांब पट्टी, ६ मिमीच्या घड्या, मध्ये १२ मिमीची चकती: ५ सेमीचं फूल. ग्रेन पट्टीच्या रुंदीच्या दिशेने, म्हणजे घडीला समांतर ठेवला, की घडी सुरीच्या पात्यासारखी बसते आणि कागद तडकत नाही. कागदी मण्यांनाही तोच नियम.

सामानाबद्दल. गिरगावात खाडिलकर रोडवर लग्नपत्रिकांच्या दुकानांत हंगाम संपल्यावर जुने नमुने विचारून बघा, त्यांच्या जाड कार्डासारखा आधार विकत मिळत नाही. चकचकीत कोटिंग असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने आधी खरवडा, नाहीतर गोंद सोलून निघतो. पत्रिकेवरचा गणपती मात्र अखंड कापावा आणि टॅगच्या वरच्या भागात लावावा. लेस भुलेश्वरला, पंच आणि ब्लेड क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला. प्लास्टिकच्या दांड्याचे स्वस्त पंच घेऊ नका. १६० जीएसएमच्या वर ते अडकतात. धार गेली की अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या चार घड्या त्यातून पंच करा. ३० अंशांचं ९ मिमी कटर ब्लेड फसी कटसाठी (चित्राच्या कडेकडेने बारीक कापायला) कुठल्याही महागड्या कात्रीपेक्षा सरस.

हे लिहिता लिहिता सुचलं: पाठीला कोरा कागदच कशाला? पंचांगाच्या कॅलेंडरचं पान लावलं, ग्रेन जुळवून, तर एकाच बोर्डातून दोन्ही बाजूंनी सजलेले टॅग निघतील आणि टक स्पॉटमध्ये उलटसुलट वापरता येतील. गणपतीसाठी ठरवलेला पॉकेटांचा संच त्यामुळे थांबवतेय. आधी ५ बाय १० सेमीचे दुहेरी टॅग. कॅलेंडरचा कागद झेरॉक्सच्या कागदापेक्षा जाड वाटतो, तेव्हा पुढचा थर दीडऐवजी पूर्ण दोन करून तोल बघायला लागेल. क्लस्टर (एकावर एक रचलेली सजावट) मात्र पानागणिक ३ मिमीच्या आतच, नाहीतर वही मिटणार नाही.

स्निपेट रोलसाठीही विचार बदलला. कागदाच्या आधाराऐवजी मंगलदास मार्केटमधल्या मलमलीची ५ सेमी पट्टी घेणार. रीळ गुंडाळायचंच असल्याने तिथे बाकाची चिंता नाही, पण कात्रणांचा ग्रेन पट्टीच्या रुंदीशी जुळला नाही तर गुंडाळताना ती तडकतील. ज्यांच्याकडे ऑक्टोबरपर्यंत टिकलेले दुहेरी बोर्ड असतील त्यांनी कोरड्या हवेत ते कोणत्या बाजूला वळतात ते कळवा, आणि पाठीचा कागद किती जीएसएमचा होता तेही.