दोन ड्रायव्हर, एक कार्ड

शनिवार, रात्री साडेअकरा.

दिवसभर पाऊस. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची पातळी बघत राहायची सवय २०१९ पासून लागली. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेच पाण्यात गेला आणि फौंड्रीकडे जायची वाट बंद झाली. तेव्हापासून सर्व्हर वरच्या मजल्यावर आहे. गिऱ्हाइकांच्या पॅटर्नची, म्हणजे ज्यांच्यावरून साचा घेतात त्या नमुन्यांची, सगळी ड्रॉइंग त्याच्यातच. पाणी चढायच्या आत डिस्क एकदा नीट तपासून घ्यायच्या, एवढंच आज मनात होतं.

सर्व्हर फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो. आत 'थंडरबोल्ट' नावाच्या पिढीचं जुनं रेड (RAID) कार्ड, म्हणजे सगळ्या डिस्क ज्याला जोडतात ते. कार्डानेच केलेल्या दोन डिस्कच्या मिररवर (दोन्हींवर तीच प्रत) सिस्टीम, बाकी चार सुट्या, त्यांच्यावर झेडएफएस, म्हणजे चारींचा मिळून एक साठा, 'पूल', करणारी फाइल सिस्टीम. कार्ड आजवर एमएफआय ड्रायव्हर, म्हणजे सिस्टीम आणि कार्ड यांच्यात बोलणारा प्रोग्रॅम, सांभाळत होता. तो डिस्कना स्वतःची नावं देतो, एमएफआयडी० वगैरे, आणि सिस्टीम एरवी डिस्क ज्या 'कॅम' थरातून हाताळते त्यातून त्या येत नाहीत. त्यामुळे त्या थरातल्या डिस्क दाखवणाऱ्या कॅमकंट्रोलच्या यादीत त्या दिसत नाहीत, डिस्कची तब्येत तपासणाऱ्या स्मार्टसीटीएललाही सरळ हात घालता येत नाही. नवा एमआरसॅस ड्रायव्हर त्याच डिस्क कॅममधून आणतो, साध्या डीए० नावाने. मला तोच हवा होता.

तो कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, आधीपासून होता, तरी कार्ड एमएफआयकडेच का जातं, हे मी कधी बघितलं नव्हतं. आज मॅन्युअल उघडलं आणि मग थेट सोर्स. बूट होताना प्रत्येक ड्रायव्हर कार्ड बघून एक आकडा सांगतो. एमएफआय सांगतो उणे २०, एमआरसॅस उणे ३०. शून्याच्या जवळचा जिंकतो, म्हणून कार्ड एमएफआयचं. बूट होताना वाचल्या जाणाऱ्या डिव्हाइस हिंट्सच्या फाइलमध्ये 'एमआरसॅस इनेबल'ची एक ओळ टाकली की एमएफआय स्वतःच उणे ४० वर उतरतो आणि वाट मोकळी करून देतो. दोघांत भांडण नाही, धक्काबुक्की नाही. कुणीतरी विचार करून लिहिलेला हा समजूतदारपणा वाचून मला मनापासून बरं वाटलं. या कामाची ओढ मला लागली ती अशाच गोष्टींमुळे. काय घडतंय ते लिहिलेलं असतं, आणि कुणीही उघडून वाचू शकतो.

ओळ टाकली, रिबूट केलं. एमआरसॅसने कार्ड घेतलं, मिररची एक आणि सुट्या चार, अशा पाचही डिस्क दिसल्या म्हणून ओळी सरकल्या, आणि मग माउंटरूटचा प्रॉम्प्ट येऊन सगळं थांबलं. रूट, म्हणजे सिस्टीम जिच्यावर आहे ती पार्टिशन, सापडत नाही.

पोटात गोळा आला. बाहेर पाऊस, घड्याळात साडेआठ, आणि रात्रपाळीला दहा वाजता ड्रॉइंग लागणार. तेवढ्यात पॅटर्न शॉपचे मामा चहा घेऊन वर आले.

"काय रं, घावलं का?"

"मशीन चालू झालंय मामा, पण डिस्कच घावंना त्याला."

"जाग्यावर न्हाई व्हय?"

"जाग्यावरच हाय. नाव बदललंय."

मामा जरा थांबले. "मग नंबर मारला न्हाईस त्येच्यावर? आमी पॅटर्नवर मारतोय न्हवं. रॅक कुठला का असंना."

खरंच, मारला नव्हता. सिस्टीम बसवताना एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली पार्टिशन कुठे जोडायची त्या यादीत, मीच 'एमएफआयडी०पी२' असं लिहून ठेवलेलं. ते नाव डिस्कचं नव्हतंच, ते ड्रायव्हरने दिलेलं होतं. ड्रायव्हर बदलला, नाव गेलं. प्रॉम्प्टवर प्रश्नचिन्ह टाकलं तेव्हा यादी आली, त्यात डीए०पी२ होतं. पुढे 'यूएफएस' हा फाइल सिस्टीमचा प्रकार लावून तेच दिलं आणि मशीन सिंगल यूजरमध्ये, दुरुस्तीपुरतं, उठलं. रूट लिहिता येईल असं माउंट केलं, जीपार्टने पार्टिशनना लेबलं दिली, एफएसटॅबमध्ये तीच लेबलं घातली, स्वॅपसकट. झेडएफएसचा पूल मात्र पहिल्या फटक्यात उभा राहिला. तो आपल्या डिस्क नावावरून शोधत नाही, प्रत्येक डिस्कवर त्याने स्वतःची ओळख लिहून ठेवलेली असते. मामांचा नंबर तो.

पावणेदहाला ड्रॉइंग खाली उघडली. मामांना सांगायला गेलो तर ते साच्यापाशी होते, नुसती मान हलवली.

मग ज्यासाठी हे सगळं केलं ते केलं. स्मार्टसीटीएल एकेका डिस्कवर चालवलं. तीन स्वच्छ. चौथीवर बदली सेक्टरांचा, म्हणजे खराब होऊन राखीव जागेवर हलवलेल्या तुकड्यांचा, आकडा ११२. पूल अजून एकही चूक दाखवत नाही, पण ही डिस्क पावसाळाभर ठेवायची नाही. हे मला कळायला केवढा उशीर झाला असता, याचा विचार मघापासून डोक्यातून जात नाही. सोमवारी नवी आणायची.

आत्ता स्क्रब, म्हणजे पूलमधला सगळा डेटा वाचून तपासणं, लावलाय, ३८ टक्के झालाय. दोन्ही ड्रायव्हरची नावं, हिंट्सची ती ओळ आणि लोडरवर (सिस्टीम सुरू व्हायच्या आधीचा पडदा) ती परत कशी फिरवायची, हे कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. बंधाऱ्यावर ३४ फूट. घरी फोन केला, आज इथंच झोपतोय म्हणून.