नानांची नळी वाजत नव्हती

डिसेंबरातल्या एका सकाळी, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात, मी ओरडले, "नाना, पाय टेका!" तीनच शब्द. ते बरोबर होते का, हे अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही. म्हणून लिहायला बसले.

मी जळगावात पोहणं शिकवते, सतरा वर्षं झाली. गेली काही वर्षं हिवाळ्यात एक तुकडी मालवणला नेते. चार दिवस तंबूत राहायचं आणि भरती-ओहोटी पाहून स्नॉर्कलिंग करायचं, म्हणजे मास्क लावून, तोंडात नळी धरून, पाण्यावर तरंगत खालचे प्रवाळ बघायचे. लोक विचारतात, "तापी सुरतेला समुद्रालाच मिळते ना? मग तिथंच का नाही जायचं, जवळ पडेल." विचारतात ते बरोबरच आहे. पण तापी, नर्मदा, मही, साबरमती या सगळ्या मिळून त्या बाजूच्या समुद्रात एवढा गाळ नेऊन टाकतात, की पाण्यात उजेड उतरत नाही. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यावर प्रवाळ जगतो. गढूळ पाण्यात त्याचा संसार उभाच राहत नाही. म्हणून आम्ही मंगला एक्सप्रेस पकडून कोकणात उतरतो.

तारीख मी पंचांग पाहून ठरवते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोरात आत-बाहेर होतं आणि तळ ढवळून निघतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी सुस्त असतं, तेव्हा खालचं दिसतं. ऑफिसच्या सुट्ट्या पाहून तारीख मागणाऱ्यांना मी नाही म्हणते. त्यावरून दरवर्षी दोन-तीन जण रुसतात.

त्याआधी सहा रविवार तलावावर सराव. यात मी कोणाचं ऐकत नाही. किनाऱ्यावर काही ठिकाणी चालतं ते मला बघवत नाही. माणसाला पाच मिनिटांत मास्क चढवायचा, मानेला धरून तोंड पाण्यात घालायचं, मासे यावेत म्हणून पाव टाकायचा, व्हिडिओ काढायचा आणि पुढचं गिऱ्हाईक घ्यायचं. त्या माणसाला आपण कशावर तरंगत होतो हेही कळत नाही. माझी माणसं पहिल्या रविवारी नुसता मास्क लावायला शिकतात. पट्टा मागे न घेता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकानं श्वास ओढायचा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर आपल्या मापाचा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळायची. बायका आधी तोंड वाकडं करतात, दुसऱ्या रविवारी स्वतःहून चोळतात. मिशीवाल्यांना नाकाखालचा बोटभर पट्टा काढायला सांगते, कारण केसांतून पाणी झिरपतं. आणि सगळ्यात महत्त्वाचा श्वास. नळीतून वरवरचे छोटे श्वास घेतले तर सोडलेली हवाच परत आत येते, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि हवा असूनही जीव घुसमटतो. म्हणून लांब घ्यायचा, लांब सोडायचा. नीट श्वास घेणाऱ्याची नळी लोहाराच्या भात्यासारखी वाजते. पाण्यात मी माणसं डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त सांभाळते.

नाना यावल तालुक्यातले केळीचे बागायतदार, वय अठ्ठावन्न. सहांपैकी दोनच रविवार आले. बागेची कापणी सुरू होती, माल गाडीत भरायचा होता. पहिल्या रविवारी त्यांनी एका श्वासात पंचवीस मीटरचा तलाव पाण्याखालून पार केला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. विहिरीत पाठीवर पडून तासभर तरंगत राहतात, असं गावात सांगतात. अशा माणसाला चौथीच्या पोरांच्या रांगेत उभं करून "नाना, आता नळीतून श्वास घेऊन दाखवा" कसं म्हणायचं? मी म्हटलं नाही. त्यांच्या नावापुढे टिक केली. मिशीचंही बोलले नाही.

तंबूच्या पहिल्याच संध्याकाळी नानांनी सगळ्यांची मनं जिंकली. किनाऱ्यावरच्या वाळूत खुंट्या धरत नव्हत्या, वारा आला की तंबू उठायचा. नानांनी सोबत आणलेल्या खताच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरली, त्या हातभर खोल पुरल्या आणि दोर त्यांना बांधले. रात्रभर एक तंबू हलला नाही. बामणोदची भरताची वांगी त्यांनीच आणली होती. नारळाच्या सोडणांवर ती भाजली, भरीत कालवलं, बोटवाल्या दादांनाही वाढलं.

त्याच रात्री मी नेहमीचं बोलले. १९८७ पासून इथं सागरी अभयारण्य आहे. असे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला आहेत. दिसतो दगड, पण असतो जीव, असंख्य छोट्या जिवांची वसाहत. हात लावायचा नाही, आणि काही झालं तरी वर उभं राहायचं नाही. उन्हाचंही सांगितलं. जळगावात पारा चव्वेचाळीसवरून पंचेचाळीसला गेला तर आपण पंखा वाढवतो. समुद्राचं पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमालीपेक्षा एकच अंश वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ अंगातलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. १९९८ साली जगभर हे झालं. नाना लक्ष देऊन ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दहा जण पाण्यात होतो. नानांना लाइफ जॅकेट खाली जाऊ देईना. त्यांनी बक्कल काढलं, जॅकेट बोटीत टाकलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बोटवाल्या दादांच्या कपाळावर आठी पडली, ती मला दिसली होती.

माझं लक्ष तेरा वर्षांच्या एका मुलीकडे होतं. तिला पाण्याची भीती वाटायची, पण नळी छान वाजत होती. तिच्या पलीकडे नाना तोंड पाण्यात घालून शांत पडले होते. त्यांची नळी वाजत नव्हती. मला ते कळलं होतं, हे मी इथं लिहून ठेवते. आवाज नव्हता, आणि मी मनाशी म्हटलं, मुरलेला माणूस आहे. ते श्वास कोंडून होते. पन्नास वर्षं विहिरीनं हेच शिकवलेलं, की तोंड पाण्यात गेलं म्हणजे श्वास बंद. कोंडवत नाहीसं झालं की चोरटा घोट घ्यायचे, पुन्हा कोंडायचे. त्यात मिशीतून मास्कमध्ये पाणी आलं, ते नाकात गेलं आणि त्यांनी मास्क ओढून काढला.

मी पोचेपर्यंत ते तरंगतच उभे झाले होते, शिडी चढल्यासारखे हात मारत होते. त्यांनी माझा गळा धरला. अशा वेळी झटापट करायची नाही, खाली जायचं. बुडणाऱ्याला वर राहायचं असतं, तो सोडतो. मी खाली गेले, त्यांनी सोडलं. मागून काखेत हात घालून त्यांना धरलं, पण अंगानं भक्कम माणूस, मला आवरेनात. खाली पाणी गळ्याएवढंच होतं. आणि त्याखाली प्रवाळ.

"नाना, पाय टेका!"

त्यांनी टेकले. पाण्यात आवाज लांबवर जातो. ते मोडलं तेव्हा, शुकशुकाटात कौल फुटावं तसं, मला लख्ख ऐकू आलं.

नाना उभे राहिले, खोकले, श्वास घेतला. दादांनी ट्यूब फेकली. बोटीत घेतल्यावर पाहिलं तर तळपाय कापला होता. मालवणात डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छाती तपासली आणि दिवसभर लक्ष ठेवायला सांगितलं. दादा एवढंच म्हणाले, "जीव वाचलो मां, बस्स झाला."

तलावावरचे माझे सहकारीही हेच म्हणतात. माणूस वाचला, विषय संपला. मला तसं वाटत नाही. कारण घरी आल्यावर चौथ्या दिवशी, पोरांना शिकवताना, माझ्याच तोंडून निघालं: "घाबरलात की पाठीवर व्हा." नवख्याला मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. आणि नाना तर पाठीवर तासभर तरंगणारा माणूस! तेव्हा "नाना, पाठीवर व्हा" म्हटलं असतं तर? कदाचित त्यांच्या अंगानं ते ऐकलं असतं. कदाचित त्या क्षणी कानापर्यंत पोचलंच नसतं. मी हे दोन्ही बाजूंनी शंभर वेळा घोळवलंय. पण त्याच्याही आधी जॅकेट होतं, मिशी होती आणि ती टिक होती. तिथं घोळवण्यासारखं काही नाही, ती माझी चूक. वयाचा मान आणि पाण्यातली तपासणी या दोन गोष्टींची मी गल्लत केली.

मालवणातल्या त्या रात्री नाना तंबूबाहेर बसले होते, पायाला पट्टी. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, इहिरीत मले कधी भ्याव वाटलं नव्हतं." थोड्या वेळानं विचारलं, "ते मोडलं, ते जितं होतं का?"

मी हो म्हटलं.

"किती वर्षाचं?"

तुकडा मी पाहिला होता, उचलला नव्हता. पानासारखा पसरलेला, दोन तळहातांएवढा. सेंटिमीटरभर वाढायलाही अशांना बराच काळ लागतो. म्हटलं, "दहा-पंधरा वर्षांचं तरी असेल." ज्यांची बाग वर्षाच्या आत-बाहेर कापणीला येते ते नाना यावर काही बोलले नाहीत. पायाची पट्टी नीट केली आणि आत गेले.

फेब्रुवारीत एका रविवारी ते न कळवता तलावावर आले. नाकाखाली बोटभर पट्टा काढलेला होता. पोरांच्या रांगेत मागे उभे राहिले आणि मी त्यांना पुढे बोलावलं नाही. पाळी आल्यावर जॅकेट घालून पाण्यात उतरले, तोंड पाण्यात घातलं. मी काठावर गुडघ्यांवर बसले. पहिलं मिनिटभर काहीच ऐकू येईना. मग नळी वाजली. थांबली. पुन्हा वाजली, या वेळी लांब. दहा मिनिटं झाल्यावर शिट्टी द्यायची असते. त्या दिवशी मी ती तेराव्या मिनिटाला दिली.