कोठडीभेटीच्या कामातला माझा अनुभव

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ पासून बहुतेक ठिकाणी स्थानिक पोलीस दलावर देखरेख ठेवण्यासाठी ‘पोलीस अँड क्राइम कमिशनर’ हा लोकप्रतिनिधी थेट निवडून दिला जातो. दलाचे अंदाजपत्रक ठरवणे, चीफ कॉन्स्टेबलची, म्हणजे दलाच्या प्रमुखाची, नेमणूक करणे आणि वेळ पडल्यास त्याला पदावरून दूर करणे हे अधिकार त्याच्याकडे असतात. अटक कोणाला करावी, हे मात्र तो सांगू शकत नाही. माझे पारपत्र भारतीय असले, तरी राष्ट्रकुलाची नागरिक म्हणून मला या निवडणुकीत मत देता येते. २०२१ मध्ये ते दिल्यानंतर कमिशनरच्याच कार्यालयाला कोठडीभेटीसाठी, म्हणजे पोलीस कोठडीतील लोकांना नीट वागवले जाते का हे जाऊन पाहण्यासाठी, स्वयंसेवक हवे असल्याचे वाचनात आले आणि मी अर्ज केला.

मुलाखत सोपी गेली. पार्श्वभूमीची पडताळणी मात्र फार रेंगाळली, कारण भारतातील जुन्या पत्त्यांसह सगळा तपशील द्यावा लागला. त्यानंतर प्रशिक्षण झाले आणि मगच ओळखपत्र हाती आले.

आम्ही दोघे मिळून, पूर्वसूचना न देता, कधी रात्रीही जातो. अटकेतील व्यक्तीचे नाव आम्हाला सांगत नाहीत, फक्त क्रमांक कळतो. तिची संमती असेल तरच बोलतो. पोलीस दिसेल इतक्या, पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर उभा राहतो. वकील मोफत मिळतो हे सांगितले का, घरी कळवले का, जेवण मिळाले का, एवढेच विचारायचे. गुन्ह्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. एका तरुणाने पातळ पांघरुणाची घडी उलगडून दाखवली आणि थंडी वाजते एवढेच म्हटले. दुसरे पांघरूण आम्ही तिथे असतानाच आले आणि ती नोंद अहवालात गेली.

लंडनमधील ब्रिक्स्टनच्या १९८१ च्या दंगलीनंतर तिची चौकशी करणारे न्यायाधीश लॉर्ड स्कारमन यांनी केलेल्या शिफारशीतून ही पद्धत उभी राहिली, आणि आज ती चालवणे ही कमिशनरची कायदेशीर जबाबदारी आहे. प्रचारात गस्तीवरचे पोलीस वाढवण्याची आश्वासने असतात, कोठडीचा उल्लेखही नसतो. तरीही या पदाचे सर्वांत मोलाचे काम मला तिथेच दिसले.

मे २०२८ मध्ये हे पद रद्द करून त्याची कामे महापौरांकडे किंवा स्थानिक परिषदांच्या नेत्यांकडे सोपवण्याचा निर्णय सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. पहिल्या निवडणुकीत जेमतेम १५ टक्के मतदान झाले होते, त्यामुळे पदावरची टीका मला समजते. पण आमचे अहवाल यापुढे कोण वाचणार आणि त्यांवर पोलिसांना जाब कोण विचारणार, हे आम्ही स्वयंसेवकांनी कार्यालयाला लेखी विचारले आहे.