आधी अल्कलिनिटी, मग बाकीचं

रीफ टाकी (खाऱ्या पाण्यात प्रवाळ पाळायची टाकी) लावली की पहिली खरेदी होते ती कॅल्शियमच्या बाटलीची. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणून कॅल्शियम घालायचं, असा सरळ हिशेब. टाकीत आधी संपते ती मात्र अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट आणि कार्बोनेट. ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) क्षारतेच्या समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम साधारण ४२० पीपीएम (दहा लाखांत ४२० भाग) असतं, अल्कलिनिटी जेमतेम ७ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक). सांगाडा बांधताना १ डीकेएच खर्ची पडली तर कॅल्शियम उतरतं फक्त ७ पीपीएमने. घरगुती कॅल्शियम किटला (पाणी तपासायच्या संचाला) १० पीपीएमचा फरकही धड दिसत नाही. अल्कलिनिटी ८ वरून ५ वर येऊन वाढ ठप्प झाली, तरी कॅल्शियमचं किट सगळं आलबेल असल्याचंच सांगत राहतं.

म्हणून अल्कलिनिटी रोज मोजा, कॅल्शियम आठवड्याला, मॅग्नेशियम महिन्याला. अल्कलिनिटी ७ ते ९ मध्ये कुठेही ठेवा, पण जिथे ठेवाल तिथेच राहू द्या. ८.५ चांगली की ७.५, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. प्रवाळाला त्रास होतो तो आज ७.२ आणि परवा ९ झाल्याचा. घसरली असेल तर दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका. नायट्रेट-फॉस्फेट जवळजवळ शून्य असलेल्या टाकीत ती १० च्या वर गेली, तर अ‍ॅक्रोपोराचे (फांद्यांच्या कडक प्रवाळाचे) शेंडे जळतात.

हा सगळा खप कडक (दगडी सांगाडा बांधणाऱ्या) प्रवाळांचा आणि दगडांवर चढणाऱ्या गुलाबी-जांभळ्या कोरलाइन शैवालाचा. मऊ प्रवाळांच्या टाकीत तो इतका कमी असतो की नियमित पाणी बदललं तरी भागतं. भारतात कडक प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मालवणच्या समुद्रातून ‘एक छोटासा तुकडा’ उचलून आणणं हा गुन्हा आहे. खालचे डोसचे आकडे मुख्यतः परदेशात, शेतीत वाढवलेले प्रवाळ रीतसर घेऊन पाळणाऱ्यांच्या कामाचे.

किटला हात लावण्याआधी क्षारता बघा. ती ३५ ऐवजी ३२ असेल तर ४२० चं कॅल्शियम ३८४ दिसणार, आणि मग माणूस कॅल्शियम ओतत बसतो. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला लावून भागत नाही, ३५ च्या जवळ तपासावा लागतो. शुद्ध सोडियम क्लोराइड ३६.५ ग्रॅम आणि शुद्ध पाणी ९६३.५ ग्रॅम: या द्रावणावर त्याने ३५ दाखवायला हवं. बाष्पीभवनाने उडतं ते पाणी, मीठ तिथेच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची. उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावला की १५० लिटरमधून ३ लिटर सहज उडतात आणि क्षारता ३५ वरून ३५.७ वर जाते. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) ही चैन नव्हे.

हे गोडं पाणी आरओडीआयचं (आरओ आणि मग डीआयोनायझेशन रेझिनमधून काढलेलं), टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी चालेल का, हे हमखास विचारलं जातं. नाही चालत. त्यातला टीडीएस कंट्रोलर चवीसाठी थोडं आरओतून न गेलेलं पाणी मुद्दाम परत मिसळतो, शिवाय बऱ्याच मॉडेलांत मिनरल कार्ट्रिज असतं. पिण्याला उत्तम, टाकीला नाही.

आता डोसिंग, म्हणजे खपलेलं रोज मोजून परत घालणं. दोन द्रावणं लागतात. पहिलं: खायचा सोडा ८४ ग्रॅम, एक लिटर आरओडीआय पाण्यात. दुसरं: कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ७३.५ ग्रॅम, तेवढ्याच पाण्यात. डबीवर ‘अ‍ॅनहायड्रस’ लिहिलं असेल तर ५५.५ ग्रॅम, आणि विरघळताना भांडं चांगलंच तापतं. या प्रमाणात दोन्ही समसमान घातली की प्रवाळ ज्या प्रमाणात वापरतो त्याच प्रमाणात भरपाई होते. १०० लिटरमध्ये १ डीकेएच चढवायला पहिलं द्रावण ३५.७ मिली. सोड्याच्या जागी बेकिंग पावडर घेऊ नका, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो. धुण्याचा सोडाही नको, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही.

सोडा ट्रेमध्ये पसरून १५० अंशांवर तासभर भाजला तर त्याचा सोडियम कार्बोनेट होतो. ८४ ग्रॅमचे ५३ ग्रॅम उरतात. तेवढे सगळे एक लिटरमध्ये विरघळवले की ताकद तीच, पण हे द्रावण टाकीचा पीएच थोडा वर नेतं. साधा सोडा किंचित खाली आणतो.

डोस ठरवायला एक दिवस डोसिंग बंद ठेवा आणि दोन दिवस एकाच वेळी अल्कलिनिटी मोजा. समजा तीन बाय दीड बाय दीड फुटाची टाकी आहे. कागदावर १९१ लिटर, पण वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता खरं पाणी १५० च्या आसपास. ८.२ ची ७.६ झाली, म्हणजे खप ०.६. मग ०.६ × १.५ × ३५.७ म्हणजे ३२ मिली, दोन्ही द्रावणं, रोज. हे दिवसभरात विभागून घाला आणि दोन्हींमध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या. एकाच जागी लागोपाठ पडली तर पाण्यात दुधाळ ढग उठतो: घातलेलं सगळं तिथेच कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतं.

याच द्रावणावर किटही तपासता येतं. सोड्याचं १० मिली द्रावण साडेतीन लिटर आरओडीआय पाण्यात मिसळा. थेंबांच्या किटवर ८ डीकेएच यायला हवं. (रंग वाचणाऱ्या डिजिटल चेकरवर हा प्रयोग नको, तो खाऱ्या पाण्यासाठीच बेतलेला असतो.) ८.८ आलं तर किट जुनं आहे किंवा वजनकाटा, आणि टाकीला हात लावायची गरज नाही.

डोस वाढवत नेला तरी अल्कलिनिटी टिकत नाही, हीटर आणि पंपांवर पांढरी खरपुडी चढते, अशी तक्रार असेल तर मॅग्नेशियम बघा. ते वाढत्या कार्बोनेट स्फटिकाच्या पृष्ठभागावर बसून त्याची वाढ रोखतं. १२५० ते १३५० पीपीएम हवं. १०० लिटरमध्ये १० पीपीएम वाढवायला मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ८.४ ग्रॅम. तूट १५० ची असेल तर दोन-तीन दिवसांत भरा.

पीएचच्या मागे लागू नका. एसीसाठी खिडक्या बंद, घरात माणसं, गॅस पेटलेला. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच ७.८ वर येतो. अल्कलिनिटी व्यवस्थित असताना पीएच बफर (पीएच वाढवायचं रसायन) ओतलं तर अल्कलिनिटी तेवढी भडकते. टाकीतलं पेलाभर पाणी गॅलरीत नेऊन एअर स्टोनने तासभर बुडबुडे सोडा. पीएच वर गेला तर दोष घरातल्या हवेचा. स्किमरची (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढा. दुसरा उपाय कॅल्कवासर, म्हणजे चुन्याची निवळी. पानाला लावायचा चुना रसायन म्हणून तोच, पण शुद्धतेची खात्री नाही, म्हणून फूड ग्रेडची पावडर घ्या. लिटरला दीड ग्रॅम, वरची निवळीच, रात्री थेंब थेंब. तिचा पीएच १२ च्या वर असतो, एकदम पेलाभर ओतली तर टाकी जाते.

पाणी बदलतानाही घोटाळा होतो. काही सॉल्ट मिक्सचं (टाकीसाठीच्या तयार समुद्री मिठाचं) पाणी १२ डीकेएचचं बनतं. टाकी ८ वर असताना २० टक्के बदललं तर एका झटक्यात ०.८ वाढ. नवीन पाणी आधी मोजा. मीठ नेहमी पाण्यात घाला, मिठावर पाणी ओतू नका, नाहीतर तळाशी कॅल्शियम गोठून बसतं. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या पिशवीतलं मीठ ओल धरतं, मग वजन करून घातलं तरी क्षारता कमी भरते. झाकणाचा ड्रम वापरा.

नायट्रेट २ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ठेवा. दोन्ही शून्यावर आणली की डायनोफ्लॅजेलेट्सचा (एकपेशीय सूक्ष्मजीवांचा) तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट थर वाळूवर पसरतो.

डोसिंग पंपाच्या नळीचं टोक पाण्याच्या वर ठेवा. पाण्यात बुडालं की तोंडाशी कार्बोनेटचा खडा जमतो आणि पंप फिरत राहूनही थेंब पडत नाही. पंपातली लवचीक नळी दाबली जाऊन सैल होते, म्हणून दर दोन महिन्यांनी पंप एका मापाच्या सिलिंडरमध्ये चालवून बघा: १० मिली मागितले तर किती येतात.