गुलाबी पडदा आणि गुळव्याची हरकत

पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकला आणि खुर्चीत बसल्या बसल्या माझा उजवा हात वर गेला. पहिला ठिपका दिसला की रीळ संपत आलं, म्हणून दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, साधारण सात सेकंदांनी दुसरा ठिपका आला की त्या मशीनवर पालटायचं. ३१ वर्षं मी ऑपरेटर म्हणून टॉकीजच्या केबिनमध्ये हेच केलं. टॉकीज बंद पडली, मशीन भंगारात गेली, तरी हात विसरलेला नाही. शेजारी आमचा जुना डोअरकीपर बसला होता. त्यानं बघितलं, काही बोलला नाही. माझा हात धरला आणि हळूच मांडीवर ठेवला.

ठिपका खोटा होता. भाच्यानं तो संगणकावर घातलेला, कारण त्याचा पिक्चर जुना, घासलेला, गावोगाव फिरून दमलेला दिसावा असा मुद्दाम केलाय. गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या वरच्या हॉलमध्ये पांढरं कापड ताणून त्यानं तो दाखवला. शंभराच्या वर माणसं आली होती. त्या रात्रीचा हॉलमधला आवाज मला लिहून ठेवायचाय. टॉकीज बंद झाल्यापासून असा आवाज माझ्या कानावर पडला नव्हता.

पिक्चर ६८ मिनिटांचा. रात्री गूळ भरायला आलेला एक टेम्पोवाला गुऱ्हाळावर मुक्कामाला थांबतो. काहिलीतली वाफ त्याच्या डोक्यात चढते. मग चुलवाणातला जाळ हिरवा होतो, उसाची चिपाडं सापासारखी सरपटायला लागतात, मालकाला तीन तोंडं फुटतात, आणि त्याच मालकानं कधीकाळी मारून टाकलेली माणसं पाकानं माखून काहिलीतून बाहेर येतात. पुढं सूड आणि फक्त सूड. मोबाईलवर पाच रात्रीत शूट केलेलं. खर्च १ लाख ४० हजार, त्यातला निम्मा जनरेटर आणि जेवणाचा. रक्त काकवीत बीट उकळून केलं होतं, त्यामुळं दुसऱ्या रात्री मेलेल्या माणसांच्या अंगावर मुंग्या चढल्या. त्या मुंग्या पिक्चरमध्ये तशाच आहेत आणि त्या बघून माझ्या आक्काला, म्हणजे भाच्याच्या आईला, खरी शिसारी आली. नशेचे रंग त्यानं दोन काचांमध्ये तेल आणि रंगीत पाणी धरून, मागून बॅटरी मारून भिंतीवर पाडले. अमेरिकेत साठच्या दशकात गाण्यांच्या कार्यक्रमात असाच उजेड पाडायचे म्हणे. मी तो बघितला तेव्हा मला रंकाळ्यावर सांडलेल्या डिझेलचा तवंग आठवला.

या जातीच्या पिक्चरला ग्राइंडहाउस म्हणतात, हे मला भाच्यानं सांगितलं. न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्यावर ओळीनं थिएटरं होती, एका तिकिटात दोन पिक्चर, सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत. मारामाऱ्या, भुतं, सूड, कराटे. प्रिंट तिथं पोचेपर्यंत फाटलेली, प्रसंगच्या प्रसंग गायब. त्याच काळात नशेच्या रंगांचे पिक्चरही निघाले. रॉजर कॉर्मन नावाच्या कमी पैशात पिक्चर काढणाऱ्या माणसानं १९६७ साली एलएसडी नावाच्या नशेच्या द्रव्यावर पिक्चर काढला, त्याची पटकथा जॅक निकल्सनची, आणि काढण्याआधी कॉर्मननं ते द्रव्य स्वतः घेऊन बघितलं होतं. पुढं २००७ साली टॅरँटिनो आणि रॉड्रिगेझ या दोन दिग्दर्शकांनी त्या दिवसांच्या आठवणीत एका तिकिटात दोन पिक्चर दिले, मुद्दाम ओरखडे मारले, मधलं रीळ हरवल्याची पाटीसुद्धा टाकली. तिकडचे कित्येक लोक पहिला पिक्चर संपल्यावर खेळ संपला समजून घरी गेले, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. धंदा झाला नाही.

मला यातलं काही परकं वाटलं नाही. मॉर्निंग शोला आमच्याकडं ज्या प्रिंटा यायच्या त्या मुंबई-पुण्यात झिजून, तालुक्यात झिजून, जत्रेतल्या तंबूत धूळ खाऊन आलेल्या असायच्या. पत्र्याची पेटी उघडली की आंबूस वास यायचा. मी रात्री बसून एकेक रीळ हातानं फिरवायचो, तुटका जोड बोटाला लागला की कापून, खरवडून, फिल्मचं सिमेंट लावून पुन्हा चिकटवायचो. तरी शोमध्ये मध्येच उडी बसायची आणि थर्डमधून, म्हणजे सगळ्यात स्वस्त तिकिटाच्या जागेतून, ओरडा यायचा, "ए ऑपरेटर, रीळ खाल्लं काय!" मी खाल्लेलं नसायचं. माझ्या आधी पन्नास जणांनी थोडं थोडं खाल्लेलं असायचं.

म्हणून भाच्यानं पहिल्यांदा लॅपटॉपवर तुकडा दाखवला तेव्हा मी चिडलो. पडद्यावर पांढऱ्या उभ्या रेषांचा पाऊस. प्रिंटवर रेष पडू नये म्हणून मी आयुष्यभर मशीनचं गेट, जिथून फिल्म सरकते ते, दर रिळाला पुसलं, आणि हा पोरगा त्या विकत घेतल्यासारख्या घालतोय. मी म्हणालो, "रेषा घालायच्या असतील तर खऱ्या तरी घाल." तो म्हणाला, "खरी कशी असते मामा? तुम्ही सांगा."

मग मी त्याला समजावलं. रंगीत प्रिंटवर रंगांचे तीन थर एकावर एक असतात. वरचा गुलाबी, मधला निळसर, तळाचा पिवळा. हलका ओरखडा फक्त वरचा थर खरवडतो, म्हणून पडद्यावर रेष हिरवी दिसते. आणखी खोल गेला की निळसर थरही जातो आणि रेष पिवळी होते. तिन्ही थर गेले की पांढरी. आणि प्रिंटच्या पाठीच्या बाजूला, नुसत्या सेल्युलॉइडवर ओरखडा असला तर रेष काळी. पांढरी रेष म्हणजे प्रिंटचे फार हाल झालेले. ती पहिल्या मिनिटापासून पडद्यावर येत नाही, तिची वाट हिरव्यातून जाते. भाच्यानं सगळं वहीत लिहून घेतलं आणि आठ दिवसांनी परत आला तेव्हा रेषा बदललेल्या होत्या. पहिल्या वीस मिनिटांत एकच बारीक हिरवी रेष, पडद्याच्या डाव्या बाजूला, थरथरणारी. ती बघून मी गप्प झालो. तशी रेष मी कितीतरी रात्री काचेच्या खिडकीतून बघत बसलो होतो.

तालमीच्या आधी हा पिक्चर त्यानं एका ठिकाणी जाणत्या लोकांना दाखवला होता. तीसएक माणसं, सगळी शांत. संपल्यावर टाळ्या, "प्रयोग चांगला आहे", "रंगयोजना धाडसी आहे". त्यांनी जे सांगितलं ते चुकीचं नव्हतं. पण पोरगा घरी आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. कुठं लोक हलले, कुठं कंटाळले, काहीच कळलं नाही म्हणाला.

तालमीत कळलं. पुढं सतरंजीवर पोरं, मागं खुर्च्यांवर वयस्कर मंडळी, भिंतीला टेकून पैलवान. पहिली पाच मिनिटं चुळबुळ. मग जाळ हिरवा झाला आणि पोरांतनं पहिली शिट्टी आली. ऑपरेटर पिक्चर बघत नाही, लोकांना ऐकतो. केबिनमध्ये मशीनच्या घरघरीतूनही मला थर्डचा आवाज ओळखू यायचा. फोकस गेल्यावरची शिट्टी वेगळी, हिरोच्या एन्ट्रीची वेगळी. मशीनच्या दिव्यातली कार्बनची कांडी संपत आली, उजेड मंदावला की ओरडा व्हायचा तो आणखी वेगळा. ही शिट्टी एन्ट्रीची होती. जाळाला एन्ट्रीची शिट्टी!

तीन तोंडांचा मालक आला तेव्हा कोणीतरी "नाद खुळा!" म्हणून ओरडलं. मधे रीळ उडाल्यासारखी मुद्दाम उडी ठेवली होती, तिथं मागच्या खुर्च्यांतून तीन-चार म्हाताऱ्यांनी एका दमात आरोळी दिली, "रीळ खाल्लं!" आणि सगळे वळून माझ्याकडं बघायला लागले. डोअरकीपर हसत सुटला. हिरवी रेष थरथरत होती तेव्हा तो माझ्या कानाशी म्हणाला, "ही रेष आपल्याकडं होती की ओ." कुठल्या पिक्चरच्या प्रिंटवर ते त्याला आठवेना, मलाही आठवेना. पण होती.

मग तो प्रसंग आला. टेम्पोवाल्याची नशा शिगेला पोचते आणि पडदा हळूहळू पूर्ण गुलाबी होत जातो. भाच्याला जुन्या प्रिंटचा गुलाबी हवा होता. ईस्टमन कलरच्या प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो, मागं गुलाबी-तांबडं तेवढं उरतं, हेही मीच त्याला सांगितलं होतं. पडद्यावर माणसं नाहीत, काहील नाही, नुसता गुलाबी उजेड, आणि तो हॉलमधल्या सगळ्यांच्या तोंडावर पडलेला. पुढं बसलेल्या पोरांचे पांढरे बनियन गुलाबी झाले. आवाज नाही. अर्धं मिनिट असं गेलं असेल. आणि भिंतीजवळून एका पैलवानाचा खणखणीत आवाज आला, "जोतिबाच्या नावानं..."

"चांगभलं!" अख्खा हॉल.

भाचा माझ्यापुढं दोन खुर्च्यांवर होता. त्याची मान ताठ झालेली मला दिसली. हा रंग करताना त्याच्या मनात न्यूयॉर्क होतं, माझ्या मनात सडलेली प्रिंट होती, आणि लोकांनी त्यात वाडी रत्नागिरीचा, म्हणजे जोतिबाचा, डोंगर बघितला. चैत्र यात्रेत गुलालानं माणूस, दगड, झाड, सासनकाठी सगळं एका रंगाचं होतं, ते आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. कोणी टिंगल केली नव्हती. एक आजी तर हात जोडून बसल्या होत्या. असं ओरडणाऱ्या माणसांना पिक्चर कळत नाही, हे मी फार वेळा ऐकलंय, आणि ते मला कधी पटलं नाही. त्या रात्री तर मुळीच पटलं नसतं. ओरडणारा माणूस पडद्यावरून नजर काढत नाही. काढली तर ओरडणार कशावर?

रक्ताचा, कापाकापीचा भागही लोकांनी मनापासून घेतला. यात कोल्हापुरानं लाजायचं कारण नाही. बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतः कॅमेरा बनवला, आणि त्यांच्या १९२० सालच्या 'सैरंध्री'त भीमानं कीचकाला मारलं तो प्रसंग इतका खरा वाटला की सेन्सॉरनं त्याला कात्री लावायला सांगितली. त्याच पिक्चरवर खूश होऊन टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तिथून आपण गाडीवरून रोज जातो. कीचकाच्या त्या वधानं शंभर वर्षांपूर्वी लोकांचा थरकाप उडवला होता, हे मी भाच्याला त्याच रात्री सांगितलं.

पण खरी हरकत आली ती वेगळ्याच ठिकाणी. शेवटच्या मारामारीआधी टेम्पोवाला झारा घेऊन उकळत्या काहिलीत घालतो आणि घुसळून मळी, म्हणजे रसातला मळ, काढतो. तेवढ्यात मागून एक जण उठून उभा राहिला. साठीच्या पुढचा, पांढरी टोपी, अंगात बंडी. "ए, थांबवा! मळी अशी काढतात व्हय?"

हॉल एकदम गप्प. तीन तोंडं चालली, काहिलीतून उठणारी मढी चालली, हिरवा जाळ चालला. मळी नाही चालली. तो माणूस गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, होता, करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर त्याचं आयुष्य गेलेलं. भाच्यानं खरंच पिक्चर थांबवला, दिवे लावले. आणि त्या माणसानं, शंभर जणांसमोर, हवेत दोन्ही हात धरून दाखवलं. रस तापायला लागला की मळी आपोआप वर येऊन तरंगते, तेव्हाच अलगद काढायची. भेंडी त्यासाठीच घालतात, चिकानं मळी गोळा होते. हात साईसारखा चालला पाहिजे. एकदा का खळाखळा उकळी फुटली आणि तू झारा घातलास, की मळी परत रसात. गूळ काळा. त्याचा डावा हात दांड्याच्या टोकाला, उजवा पुढं, मनगट जरासं वळलेलं, आणि पापणी न हलवता तो सतरंजीवरच्या मोकळ्या जागेकडं बघत होता, जणू तिथं काहील आहे. पोरं मान पुढं काढून बघत होती. मला वाटतं, त्या रात्री पडद्यावर जे होतं त्यापेक्षा त्या माणसाचे ते हात जास्त जणांच्या लक्षात राहतील.

"आता लावा," म्हणाला आणि खाली बसला. उरलेला पिक्चर त्यानं शेवटपर्यंत बघितला. मेलेल्यांनी मालकाला काहिलीत ओढलं तेव्हा त्यानंही टाळी दिली, मी वळून बघितलं.

खाली उतरल्यावर भाचा त्याच्याजवळ गेला. माफी मागायला गेला असं मला वाटलं. तसं नव्हतं. "तात्या, तो शॉट परत घेतो. तुम्ही झारा धराल?" तात्या बराच वेळ काही बोलला नाही. खिशातून तंबाखूची पुडी काढली, मळली, पोराकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग विचारलं, "तोंड दिसंल का माझं त्यात?"

"दिसंल की."

"मग दसरा झाल्यावर या. पहाटे चारला पहिलं आदण चढतंय. उशीर केलात तर मळी निघून गेलेली असंल."

उजेड मी धरणार आहे. भाच्याला म्हटलंय, त्या शॉटवर एकही रेष घालायची नाही.